मामीची गुळवेल आणि इतर ठेवी

वाशिम जिल्ह्यात कुणी आजारी पडलं की औषधाच्या आधी माणसं येतात. साधा खोकला असला तरी येतात. रिसोडहून येतात, मालेगावहून येतात, मंगरूळपीरवाले तर सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. आणि वऱ्हाडी माणूस आजाऱ्याच्या घरी हात हलवत जात नाही. पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली, वरून दोरा गुंडाळलेली एक पुडी असतेच. ती आजाऱ्याच्या उशाशी ठेवली जाते आणि तिच्यासोबत हुकूम सुटतो, "हे घेऊन पाह्य बाबू. डॉक्टरले इचारायचं काम नाही."

आजारी माणूस चार दिवसांत उठून कामाला लागतो. पुडी उरते. ती कुणी घेतलेली नसते, कारण तोवर पाटणी चौकातून गोळ्या आणलेल्या असतात. ती फेकताही येत नाही, कारण देणारी मामी ठणठणीत असते आणि येत्या लगनसराईत चार ठिकाणी भेटणार असते. "मंग, घेतलं का?" हा प्रश्न ती अक्षता पडायच्या आधी विचारते. तेव्हा पुडी फडताळात जाते.

घरात वनौषधींची पेटी कशी भरावी, काय किती ठेवावं, यावर पुरवण्यांमधून दरवर्षी लेख येतात. आमच्याकडे हा प्रश्न उद्भवलेला नाही. आमची पेटी नात्यागोत्यानं भरते. ती रिकामी कशी करावी हे कुणी लिहिलं तर जिल्हा त्याला शाल-श्रीफळ देईल.

तशी आमच्या जिल्ह्याला औषधी साठवणुकीची हौस फार जुनी. कारंजा लाडला कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा सांगतात. विकायला आलेली सगळीच्या सगळी कस्तुरी तिथल्या एका सावकारानं घेतली आणि चालू असलेल्या हवेलीच्या बांधकामात, चुन्यात, कालवून टाकली म्हणे. ऐकणारे त्याच्या श्रीमंतीला मान डोलावतात. मला त्याची व्यवहारबुद्धी जास्त दिसते. भिंतीत गेलेलं औषध झुरळं खात नाहीत, शेजारीण उसनं मागत नाही आणि "घेतलं का?" असंही कुणी विचारत नाही. इकडे वाशिमच्या पद्मतीर्थाची आख्यायिका तर आणखी सोयीची. वासुकी नावाच्या राजाचं कोड त्या पाण्यात स्नान केल्यानं बरं झालं. ना पुडी, ना पथ्य, ना मामी.

आमचं फडताळ स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या भिंतीत आहे. त्याचा एकच नियम आहे: डब्यावर जे लिहिलंय ते डब्यात नसतं. बोर्नव्हिटाच्या बरणीत त्रिफळा असतो. श्रीखंडाच्या डब्यात डिकेमाली असते आणि तिचा वास श्रीखंडाचं नाव कायमचं बदनाम करून गेलेला असतो. पाहुण्यांच्या लेकरानं बोर्नव्हिटा पाहून हट्ट धरला तर आई त्याला तो खुशाल देते, "पोटाले चांगलं असते." ते लेकरू पुढच्या खेपेला आपल्या घरी पाणीसुद्धा पीत नाही.

नावाची चिठ्ठी चिकटवण्याची पद्धत नाही. चिठ्ठी म्हणजे आईच्या ज्ञानावर अविश्वास. ती बरणीचं झाकण उघडते, नाकाशी नेते, डोळे मिटते आणि निकाल देते. निकाल एकटीनं दिला तर अडचण नसते. अडचण येते ती बायांचं खंडपीठ बसल्यावर. एका बरणीत करंगळीएवढ्या जाड, राखाडी मुळ्या आहेत. आई म्हणते, अश्वगंधा. मामी म्हणते, "वहिनी, अश्वगंधाले घोड्याचा वास येते. याले कायचाच नाही. हे शतावरी होय." घोड्याचा वास दोघींपैकी कुणी शेवटचा कधी घेतला, हे विचारायची सोय नाही. समोरच्या काकू तुकडा मोडून चघळतात आणि ज्येष्ठमध नसल्याचा खुलासा करतात, म्हणजे यादी एकानं कमी होते. वाद मिटवायला मग प्रयोग करतात. प्रयोगासाठी घरातला पुरुषवर्ग असतो. सकाळी दुधातून काय गेलं ते संध्याकाळी कळतं, आणि काहीच झालं नाही तर ती अश्वगंधाच ठरते, कारण अश्वगंधेचा गुण सावकाश येतो.

तारखेचा तर विषयच नको. आयुर्वेदात औषध जितकं जुनं तितकं गुणकारी, असं आमच्या घरी वडिलोपार्जित मत आहे. शार्ङ्गधरसंहिता उघडली की या मताची पंचाईत होते. शार्ङ्गधरानं सहा-सातशे वर्षांपूर्वी स्वच्छ लिहून ठेवलंय की चूर्णाची ताकद दोन महिन्यांत उतरते, गोळ्या आणि अवलेह वर्षभर टिकतात, नुसती वनस्पतीही वर्षानंतर दुबळी होते. जुनी होत जाईल तशी चढत जाते ती आसवं आणि भस्मं. आणखी काही मोजक्या वस्तू जुन्या घ्याव्यात असं तो सांगतो: वावडिंग, पिंपळी, गूळ, मध. वऱ्हाडानं त्यातला अपवाद तेवढा उचलला आणि त्रिफळ्यापासून सुंठेपर्यंत सगळ्यांना लावला. आमच्या त्रिफळ्याची बरणी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे त्यावर वाशिम अजून अकोला जिल्ह्यात आहे. जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला.

या सगळ्या ठेवींत मानाचं स्थान मामीच्या गुळवेलीला. मामीच्या वावरातल्या धुऱ्यावर कडुनिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली आहे. निंबावरची गुळवेल सगळ्यांत उत्तम मानतात. त्यामुळे मामी ती वाटताना आवाज थोडा खाली आणते. 2020 साली तिचे दिवस आले. आयुष मंत्रालयानं काढ्याचं प्रमाण जाहीर केलं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. सरकारी कागदावरचं प्रमाण आमच्या घरी पोचेपर्यंत त्यात लवंग शिरली. लवंगेच्या मागून ओवा, ओव्याच्या मागून हळद, गूळ, अडुळसा आणि अर्थातच मामीची गुळवेल. प्रत्येक फोनवर एक जिन्नस वाढत होता. भर मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, अख्खं घर दिवसातून तीनदा हा काढा पीत होतं. महामारी आमच्या आळीत उशिरा आली. पित्त आधी आलं. मेडिकलवाल्याकडे मास्क शिल्लक होते, पित्ताच्या गोळ्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी, 2021 मध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं त्यांनी मांडलं होतं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली ती गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. बातमी वाचून मी मामीला फोन केला. तिनं मंत्रालयाचं पत्रक वाचलेलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मुंबईची गुळवेल असन ते. आपली निंबावरची हाय." दिल्लीला दोन पानं लागली तो मुद्दा तिनं सात शब्दांत संपवला. तरी माझ्या मते त्या डॉक्टरांचं ऐकावं. कारण मामीनं ती वेल जन्मात कधी स्वतः घेतलेली नाही. ती बीपीची गोळी घेते, वेळेवर.

आठवडी बाजारात जडीबुटीवाला बसतो तो या क्षेत्रातला व्यावसायिक. खाली पोतं अंथरलेलं, त्यावर मुळ्या, साली, शेंगा, कसली तरी शिंगं आणि मधोमध ध्वनिमुद्रित आवाजाचा कर्णा. कर्ण्यातला आवाज कंबर, गुडघा, मूळव्याध, मुतखडा आणि "जुनी कमजोरी" एका दमात घेतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला गाठलं.

"शुगरले चालते का?"

"चालते."

"बीपीले?"

"चालते आबाजी."

"माह्यावाल्याले दोनी हायेत."

"मंग दोन पुड्या न्या."

या उत्तरात तर्काची कुठे चूक आहे ते मला अजून सापडलेलं नाही. आबाजींनी दोन पुड्या घेतल्या. घासाघीस करून तिसरी फुकट मिळवली. ती घरी नेऊन ठेवायला.

सगळं फडताळ आपल्या मातीतलं, ऋषिमुनींपासून चालत आलेलं, असं आईचं ठाम मत आहे. मी एकदा पासपोर्ट तपासत बसलो. जखमेवर चोळायची कंबरमोडी, जिला काही ठिकाणी दगडी पाला म्हणतात, ती मूळची अमेरिका खंडातली. मुतखड्यावर ज्याचं पान सकाळी उपाशीपोटी चावायचं ती पानफुटी मादागास्करची. हिंग अफगाणिस्तान आणि इराणकडून येतो. भारतात त्याची लागवड व्हावी म्हणून लाहौलच्या थंडीत पहिलं रोप लावलं ते 2020 च्या ऑक्टोबरात. ज्येष्ठमधसुद्धा बहुतेक बाहेरूनच येतो. जायफळाचं माहेर इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर. हे मी आईला वाचून दाखवलं. "मंग काय झालं," ती म्हणाली, "सुनाही बाहेरूनच येतात."

आणि आता तर मेक्सिकोकडची चिया आली आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सोयाबीन-हरभऱ्याच्या जोडीला चिया पेरली, वाशिमच्या बाजार समितीत तिची खरेदी होऊ लागली आणि शहरातले लोक व्यायामशाळेतून येऊन ती भिजवून पिऊ लागले. समोरच्या काकूंना कुणीतरी किलोभर दिली. त्यांनी ती पाहिली, "हा तं सब्जा होय" असा निर्णय दिला आणि सब्जाच्याच बरणीत ओतली. आता उन्हाळी लागलेल्या माणसाला त्यांच्याकडे अर्धा मेक्सिको आणि अर्धं वाशिम अशी फुगलेली वाटी मिळते. दोन्ही फुगतं, दोन्ही दाताला चिकटतं. काकूंचा वनस्पतिशास्त्रावरचा विश्वास अढळ आहे.

फडताळाला मी निव्वळ हसतोय असं मात्र समजू नका. त्यातल्या दोन-तीन वस्तूंनी साऱ्या जगाला दम दिलेला आहे. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीनं जखम भरते या शोधाबद्दल पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते, त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत आधार आणि 1953 सालचा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवला आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. ही हकीकत सांगितल्यावर आईला आनंद कमी झाला आणि संताप जास्त. "बोट कापलं तं हळद लावा लागते, हे त्याहिले 95 साली समजलं?" शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कुठे ती थोडी शांत झाली.

अडुळशाचंही तसंच. खोकल्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कितीतरी पातळ औषधांवर ब्रोमहेक्झिन असं नाव असतं. हे रसायन अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून तयार केलेलं. म्हणजे अंगणातला पाला सोडून आपण दुकानातून आणतो तो त्याच खानदानातला. फरक एवढाच की दुकानातल्याची मात्रा मोजलेली असते, बाटलीवर तारीख असते आणि मागे मामी नसते. माझ्या मते हे तिन्ही फायदे लहान नाहीत.

फडताळातली एकच बरणी अशी आहे की तिच्याजवळ जायला मोठेही कचरतात: बिब्बे. काळे, चपटे, बदामाच्या आकाराचे. पायात काटा मोडला, टाचांना भेगा पडल्या की आजी दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची. तो चुरचुरत तेल सोडायचा आणि त्या उकळत्या काळ्या थेंबाचा चटका नेमका जागेवर बसायचा. पोरगं ओरडलं की आजी समाधानानं म्हणायची, "लागलं जाग्यावर." तेल इकडेतिकडे सांडलं तर बिब्बा उतायचा, कातडी सुजून फोड यायचे आणि काट्याचं दुखणं विसरायलाच व्हायचं. उपचार यशस्वी. हाच बिब्बा फोडून त्यातली गोडंबी काढण्याचं काम आपल्याकडे कितीतरी बाया करतात. दगडावर एकेक बिब्बा उभा धरायचा, वरून ठोका द्यायचा, तेल अंगावर उडू नये म्हणून राख लावायची आणि तरीही बोटं काळी पडतात, सोलतात. डिंकाच्या लाडवात गोडंबी कमी पडली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ती बोटं एकदा पाहावीत. हे विनोदाच्या लेखात बसत नाही, पण बरणी उघडली की वास येतोच.

गुटीचा डबा वेगळा ठेवतात. लेकरू जन्मलं की तो डबा गादीवर येतो आणि घराची सत्ता आजीकडे जाते. वेखंड, हळकुंड, हिरडा, बेहडा, जायफळ, मायफळ, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, स्क्रूसारखी पीळदार मुरुडशेंग, खारीक, बदाम. सहाण धुऊन त्यावर आईच्या दुधात एकेक उगाळायचं, आणि तेही मोजून. हिरड्याचे दोन वेढे, सुंठेचा एक, वेखंडाचा अर्धा. वरणात मीठ अंदाजानं टाकणारी, वय विचारलं तर "पाणी मोठं आलं ना, त्या साली" असं सांगणारी आजी इथे अर्धा वेढा मोजते. लेकराला शिंक आली तर जायफळ बंद. शी हिरवी झाली तर हिरड्याचा वेढा वाढला. एकदा दवाखान्यातली नर्स घरी आली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं तिनं बजावलं. आजीनं मान डोलावली. "बरोबर हाय बाई. मी तं दुधातच देतो." नर्सचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि तान्ह्या बाळांच्या घरांत तेच चालावं. पण वऱ्हाडातल्या आजीला हरवायचं तर नर्सलाही निदान आजीच्या वयाचं असावं लागेल.

2024 साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथले विद्यार्थी पुढे डॉक्टर होतील आणि त्यांच्यासमोर फडताळं घेऊन आम्हीच जाणार आहोत. तेव्हा त्यांच्यावर उपकार म्हणून थोडं आवरून घेऊ या. ओवा, सुंठ, हळद, लवंग, आवळकाठी, चघळायला थोडा ज्येष्ठमध, एवढं घरात जरूर असावं. त्यासाठी वेगळ्या पेटीचीही गरज नाही, मिसळणाच्या डब्याशेजारी मावतं. ज्येष्ठमध फार खाल्ला तर रक्तदाब चढतो, तेव्हा बीपीवाल्यांनी तो काठीसारखा चघळत बसू नये. कुठलाही काढा चालू असला तर तो डॉक्टरला सांगावा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, मामीनं दिलाय असं बिनधास्त सांगा, डॉक्टरलाही मामी असतात. प्रत्येक बरणीला चिठ्ठी लावा: काय आहे, कधी आलं, कुणी दिलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. काही झालं तर फोन कुणाला करायचा ते कळतं.

आणि विंचू-सापाच्या बाबतीत फडताळ उघडूच नका. आघाड्याचं मूळ विंचवावर चालतं अशी आपल्याकडे जुनी श्रद्धा आहे. मूळच्या जालना जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला विंचूदंशाच्या रोग्यांवर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली, 1986 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आघाड्याला यातलं काही मिळालेलं नाही. सोयाबीनच्या वावरात साप चावला तर गाडी थेट सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरची लस तिथे असते, फुकट असते आणि मिनिटं महत्त्वाची असतात. वाटेत कुणी पुडी देऊ लागलं तर घ्या, खिशात ठेवा, गाडी थांबवू नका.

बाकी आमचं आवरणं चालू आहे. त्रिफळा तुळशीच्या कुंडीत गेला. अश्वगंधा किंवा शतावरी अजून निकालाच्या प्रतीक्षेत आहे. वावडिंग मात्र ठेवलंय. कुणाला हवं असेल तर वाशिमला या, अवश्य देऊ. शार्ङ्गधराला पसंत पडेल इतकं जुनं आहे.